दुनळीचा मेळ

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात राजघराण्याची शिकारीची शस्त्रे आणि पेंढा भरून उभी केलेली जनावरे पाहत जो हिंडतो, त्याच्या मनात बहुधा गतवैभवाचे विचार येतात. परंतु ज्याला यंत्राची किंवा दप्तराची गोडी आहे, त्याच्यापुढे एक निराळाच प्रश्न उभा राहतो, तो असा, की ज्या कामासाठी असली हत्यारे घडविली गेली ते काम ती किती बिनचूकपणे करीत असत, आणि ते आज जाणून घ्यावयाचे झाल्यास कागद वाचावे की बार काढून पाहावा. मोठ्या बोअरची, ठासणीची दुनळी रायफल घेतली म्हणजे हा प्रश्न विशेष बिकट होतो, कारण तेथे एका नळीचा नेम बसवून भागत नाही. दोन नळ्यांनी एकाच दस्त्यावरून, एकाच माशीच्या आधाराने एकाच ठिकाणी मारावे, अशी अपेक्षा असते.

या प्रश्नाचे दोन पक्ष मी येथे संवादरूपाने मांडीत आहे. बोलणाऱ्यांना नावे न देता त्यांचे व्यवसायच तेवढे दिले आहेत : एक दप्तरदार, ज्यांचे आयुष्य मोडी कागदांचे रुमाल सोडण्याबांधण्यात गेले, दुसरे मेस्त्री, ज्यांचा हात शिवाजी उद्यमनगरातील लेथवर तयार झाला. माझा स्वतःचा कल मेस्त्रींकडे आहे, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. तरीही दप्तरदारांच्या काही अटी मला अगदी रास्त वाटतात.

दप्तरदार : मेस्त्री, तुमचा उत्साह मला समजतो, त्याचे प्रयोजन समजत नाही. दाजीपूरचे जे रान संस्थानच्या अमलात शिकारीसाठी राखलेले होते, ते १९५८ साली गव्यांचे अभयारण्य झाले; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्ह्याच्या सदरात गेली; आणि त्याच वर्षीच्या पुरावस्तूंच्या कायद्याने शंभर वर्षांवरील असली चीज पुरावस्तू ठरली. नळीवर कारागिराचे नाव कोरलेले असते, बोअरचा आकडा असतो, विलायतेतील परीक्षागृहाचा शिक्का असतो. एवढे दाखले हाती असताना दारू ठासून आणखी काय मिळवणार?

मेस्त्री : दप्तरदारसाहेब, तो शिक्का कशाचा दाखला देतो ते आधी पाहू. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ साली कायद्याने स्थापन झाले. तेथे नेहमीपेक्षा जड बार भरून नळी फुटते की टिकते, एवढेच पाहत. नळी त्या दिवशी टिकली, याचा तो दाखला. ती कोठे मारते, याचा नव्हे. आणि त्यानंतर दीडशे पावसाळे तिच्या पोटात काय गंज धरून गेले, याचा तर मुळीच नव्हे. बोअरच्या आकड्याचेही तसेच. एक पौंड शिशातून नळीत बसेल अशा व्यासाच्या जितक्या गोळ्या निघतात तितक्या बोअरची ती नळी, हा जुना हिशोब आहे. म्हणून बारा बोअरची गोळी सुमारे ३८ ग्रॅमची आणि साडेअठरा मिलिमीटर व्यासाची येते, आठ बोअरची ५७ ग्रॅमची आणि एकवीस मिलिमीटरांची. पण त्या गोळीमागे दारू किती, चिंधी किती जाड, हे त्या आकड्यातून निघत नाही.

दप्तरदार : ग्रंथांतून तरी निघते की नाही? सॅम्युअल बेकरने सिलोनात नेलेली, ब्रिस्टलच्या गिब्जने बनविलेली एकनळी रायफल २१ पौंड वजनाची होती आणि ती १६ ड्रॅम दारू खात असे, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. मध्य प्रांतात नोकरीस असलेल्या जेम्स फोर्सिथने तर १८६३ साली शिकारी रायफल आणि तिची गोळी याच विषयावर स्वतंत्र पुस्तक छापले.

मेस्त्री : सोळा ड्रॅम म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम झाले, एवढी दारू ज्या खांद्याने सोसली त्याला नमस्कारच केला पाहिजे. फोर्सिथचे म्हणणे मात्र माझ्या बाजूचे आहे. त्याचे प्रतिपादन असे, की गोल गोळी नळीतल्या आट्यांत फार वेगाने फिरवावयास गेले, तर मोठ्या बाराच्या रेट्याने ती आटे सोडून सरळ निसटते. म्हणून चौदा बोअरच्या नळीला आठ फूट आठ इंचांत एकच फेरा द्यावा आणि मग दारू निःशंकपणे वाढवावी, म्हणजे गोळीची वाट सपाट होते. याचा अर्थ आट्यांचा पीळ आणि दारूची मात्रा ही एकमेकांच्या मापाने ठरलेली असतात. हे त्याच्या रायफलीपुरते खरे. आपल्या हातात असेल ती रायफल कोणत्या मताच्या कारागिराने बनविली, ते तिलाच विचारावे लागेल.

दप्तरदार : पीळ तर बार न काढताही कळू शकेल.

मेस्त्री : कळतो. गजाच्या टोकाला घट्ट चिंधी गुंडाळावी, गजावर खडूची उभी रेघ ओढावी, आणि गज दोन बोटांत सैल धरून सावकाश आत लोटावा. चिंधी आटे धरते आणि रेघ हळूहळू बाजूला वळू लागते. तीस इंचांच्या नळीत ती रेघ पाव फेऱ्याहून किंचित अधिक वळली, तर फोर्सिथच्या मताचा कारागीर समजावा. एवढे काम तुमच्या दप्तराच्या टेबलावरही होईल.

दप्तरदार : मग तेवढ्यावरच थांबा, असे माझे म्हणणे. शिवाय एक गोष्ट तुम्हांला ठाऊक नसेल. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीने बंड केले, आणि ते मोडण्यासाठी ल ग्रँड जेकब या अंमलदाराला येथे धाडण्यात आले. त्याचा चुलतभाऊ जनरल जॉन जेकब हा सिंधच्या सरहद्दीवर होता, आणि दुनळी ठासणीची रायफल साध्या शिपायाच्या हातात द्यावी, हा त्याचा ध्यास होता. बर्मिंगहॅमच्या स्विनबर्नकडून त्याने ती बनवून घेतली : बत्तीस बोअर, चार आटे, लांबट गोळीला त्या आट्यांत बसणाऱ्या चार कडा, आणि मागच्या शिस्तीवर दोन हजार यार्डांपर्यंतच्या खुणा. १८५८ साली उभारलेल्या पलटणीला त्या रायफली मिळाल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जेकब वारला. परंतु वर्षानुवर्षे केलेल्या आपल्या प्रयोगांचे वृत्तांत त्याने छापून ठेवले होते, म्हणून ते ज्ञान टिकले. हत्यार गंजले तरी कागद बोलतो.

मेस्त्री : कागद बोलतो, कारण आधी जेकबने वाळवंटात भिंती उभारून त्यांवर बार काढले. त्याने नुसती विलायतेची पत्रे चाळली असती, तर तुम्ही आज काय वाचले असते? आणि पुन्हा पाहा, त्याची गोळी बत्तीस बोअरची, म्हणजे मोठ्या गोल गोळीच्या मानाने किरकोळ. गव्यासारख्या, हजार किलोंच्या घरात जाणाऱ्या जनावरासाठी जी रायफल बनवीत, तिचे गणितच वेगळे. काळ्या दारूने गोळीला देता येईल त्या वेगाला मर्यादा आहे. मऊ शिशाची गोल गोळी, तिला अंगची लांबी नाही. तेव्हा वाढविण्याजोगी एकच गोष्ट उरते, ती व्यास. व्यास दुप्पट केला तर हवेला सामोरे जाणारे क्षेत्र चौपट होते, पण वजन आठपट होते, म्हणून मोठी गोळी आपला वेग अधिक लांबवर टिकविते. मोठ्या बोअरचा जन्म या हिशोबातून आहे; त्यात दिमाखाचा भाग असला तरी तो नंतरचा.

दप्तरदार : हे मान्य. पण एका नळीचे गणित कळले की दुसरीचेही कळले. दोन्ही एका कारखान्यातल्या, एका पोलादी पट्टीने जोडलेल्या.

मेस्त्री : येथेच खरी गोम आहे, आणि तुमची परवानगी असेल तर मी जरा विस्ताराने सांगतो. दोन नळ्या समांतर जोडलेल्या दिसतात, पण तशा त्या नसतात. तोंडाकडे त्या एकमेकींकडे किंचित झुकविलेल्या असतात. कारण असे, की उजवी नळी बंदुकीच्या गुरुत्वमध्याच्या उजव्या अंगाला आहे, म्हणून तिचा बार निघताना बंदूक मागे येते, वर उचलते आणि उजवीकडे वळतेही; डाव्या नळीच्या वेळी डावीकडे वळते. आता कोणी म्हणेल, गोळी गेल्यानंतरच्या धक्क्याशी नेमाचा काय संबंध? पण धक्का गोळी गेल्यानंतर बसत नाही. तो गोळीबरोबरच सुरू होतो. अडतीस ग्रॅमची गोळी पाऊण मीटर पुढे सरकली, की साडेचार किलोंची बंदूक सहा-सात मिलिमीटर मागे आलेलीच असते, आणि गोळीने अजून नळीचे तोंड सोडलेले नसते. एवढ्या अवकाशात नळी जितकी बाहेर वळेल, तितकी ती कारागिराने आधीच आत वळवून ठेवलेली असते. हा झुकाव त्याने कागदावर काढलेला नाही. बार काढून पाहावे, कथील वितळवून नळ्यांमधली पाचर सारावी, पुन्हा डाग द्यावा, पुन्हा बार काढावा, असे करीत तो बसविलेला आहे. आणि तो बसविला कोणत्या बारासाठी? एका विशिष्ट गोळीसाठी आणि एका विशिष्ट मात्रेसाठी. ती मात्रा हरवली, तर दोन नळ्यांचा मेळच हरवला. मिरजेच्या तानपुऱ्याच्या जोडाच्या तारा आधी एकमेकींशी मिळवतात, मग गवयाच्या सुराकडे पाहतात. दुनळीचेही तसेच आहे. आधी उजवी-डावीचा आपसांत मेळ, मग माशीचा विचार. घाईने एकाच नळीवर माशी बसविणारा मनुष्य दुसरी नळी कायमची गमावतो.

दप्तरदार : तुमच्या सहा-सात मिलिमीटरांत वेगाचा उल्लेख कोठे आला नाही. वजने आणि नळीची लांबी यांवरच जर हा हिशोब आहे, तर दारू थोडी कमीजास्त झाली म्हणून मेळ का बिघडावा?

मेस्त्री : फार नेमका प्रश्न विचारलात. बंदूक हवेत अधांतरी टांगलेली असती, तर फारसा बिघडलाही नसता. पण काळी दारू स्वतःच वजनदार असते. तिची राखही गोळीमागून धावते, म्हणून मात्रा बदलली की फेकल्या जाणाऱ्या वजनात फरक पडतो. शिवाय नळी ही घट्ट सळई नव्हे, बाराच्या दणक्याने ती कंप पावते, आणि गोळी त्या कंपाच्या कोणत्या क्षणी बाहेर पडते हे वेगावर ठरते. आणि सर्वांत मोठी बाब म्हणजे खांदा. बंदुकीच्या मागे माणूस आहे, त्याचे हाड-मांस आहे, डाव्या हाताची पकड आहे; मंद गोळीला नळीतून जायला अधिक अवधी लागतो आणि तेवढ्यात खांदा अधिक विरोध करतो. आपल्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक आणले. त्यांच्या खेळात एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या काडतुसांचेही वेगवेगळे घाणे तपासतात, रायफल शिकंज्यात आवळून मारतात आणि ज्या घाण्याच्या गोळ्या एकमेकींना चिकटून बसतात तो विकत घेतात. एकनळीला ते चालते. दुनळी शिकंज्यात आवळली, तर ती वळणारच नाही, आणि ज्या वळणासाठी झुकाव दिला ते वळणच नाहीसे झाल्यामुळे दोन्ही नळ्या खोटे बोलतील. वाळूच्या पिशवीवर आपला हात ठेवावा आणि हातावर बंदूक; दर खेपेस पकड तीच, उभे राहणे तेच.

दप्तरदार : म्हणजे माणसाचा खांदाही या मोजमापाच्या साधनांत धरावयाचा. हे मला नवीन आहे, आणि खरे सांगतो, थोडे धास्तीचेही आहे. नळीची भिंत पातळ झालेली असली तर?

मेस्त्री : तर एकही बार नाही, यात मी तुमच्यापेक्षा कडक आहे. आधी नळ्या दस्त्यावरून उतरवून दोरीला टांगाव्यात आणि लाकडी मुठीने हलकेच ठोकून पाहाव्यात. पट्टीचा डाग शाबूत असेल तर घंटेसारखा नाद निघतो, सुटला असेल तर आवाज बद्द येतो. मग आतून उजेड टाकून खड्डे पाहावेत, भिंतीची जाडी मोजावी, टोपी बसवितात त्या निपलांचे आटे झिजले आहेत का पाहावे. हे सर्व उत्तीर्ण झाले, तरी पहिले बार खांद्यावरून नकोत. बंदूक लाकडी घोडीवर बांधून, आडोशामागून दोरीने चाप ओढावा. मेळ पाहण्यासाठी नव्हे, नळीची खात्री करण्यासाठी. त्यानंतर हलक्या मात्रेपासून आरंभ करावा आणि कारागिराच्या काळच्या प्रघातातल्या मात्रेपलीकडे जाऊच नये.

दप्तरदार : आणि प्रत्यक्ष बार भरताना?

मेस्त्री : तेथे बेसावधपणाला जागाच नाही. गजावर दोन खुणा कोराव्यात, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या नळीची. दर बाराला गोळी दारूवर टेकली की नाही ते ती दुसरी खूण सांगते. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगते, प्रसंगी फाटते. दुनळीत हा धोका दुणावतो, कारण उजव्या नळीच्या धक्क्याने डाव्या नळीतली गोळी पुढे सरकू शकते. म्हणून डावा बार काढण्यापूर्वी तिच्यावरची टोपी काढून गज पुन्हा घालून पाहावाच. एकच नळी झाडून ती पुन्हा भरावयाची असेल, तरी आधी दुसरीवरची टोपी काढावी. आणि एका नळीत दोनदा दारू पडणे हा ठासणीच्या बंदुकीचा जुना घात आहे. तो गजाच्या खुणेनेच टळतो. दारू मी तराजूवर तोलून घेईन, मापाने नाही.

दप्तरदार : जुने लोक तर मापानेच घेत. ड्रॅमचे पितळी माप असे.

मेस्त्री : रानात मापच बरे. पण परीक्षेत मला एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आहे. दारू बदलली त्या दिवशी चिंधी बदलायची नाही, चिंधी बदलली त्या दिवशी गोळीचा साचा नाही. काळ्या दारूच्या निम्म्याहून अधिक वजनाची घाण मागे उरते, आणि आपल्या हवेत तिचे चाळेही निराळे : आषाढात ती ओलावा शोषून मऊ राहते, चैत्राच्या कोरड्या उन्हात तिची खरपुडी धरते आणि तिसऱ्या बारालाच गोळी ठासताना गज अडतो. तेव्हा दर बारानंतर ओल्या चिंधीने आणि मग कोरड्या चिंधीने नळी पुसावी, नाही तर आपण मात्रा तपासतो आहोत असे वाटते आणि प्रत्यक्षात घाणच तपासली जाते.

दप्तरदार : या सगळ्याची नोंद ठेवणार असाल, तर तेवढ्यापुरता मी तुमच्या बाजूला येतो. तारीख, हवा, दारूचे वजन, चिंधीची जाडी, आधी कोणती नळी, मध्ये अवधी किती, लक्ष्य किती अंतरावर. आणि कागदी लक्ष्ये स्वतः जपून ठेवावीत, नुसती वर्णने नव्हेत.

मेस्त्री : लक्ष्य पन्नास यार्डांवर. प्रत्येक मात्रेच्या निदान चार-पाच जोड्या मारल्याखेरीज मत देऊ नये. एका जोडीचा सुंदर मेळ हा पुष्कळदा योगायोग असतो. उजव्या गोळ्यांचा पुंजका आणि डाव्यांचा पुंजका एकमेकांशेजारी, नळ्यांच्या मध्यांत असते तेवढ्याच सुमारे इंचभर अंतरावर बसले, म्हणजे कारागिराची मात्रा सापडली. ते पुंजके एकमेकांना ओलांडून गेले किंवा दूर फाकले, तर मात्रा चुकली. माझी पुरी खात्री आहे, साहेब, की त्या क्षणी आपल्याला त्या कारागिराच्या मनातला आकडा कळतो, जो त्याने कोठेच लिहून ठेवलेला नसेल.

दप्तरदार : असे असेल तर ते दप्तरात यावयासच हवे, हे मी नाकारीत नाही. पण माझ्या तीन अटी ऐका. माशी घासायची नाही. पट्टीचा डाग उकलायचा नाही. आणि कायद्याबाहेर पाऊल टाकायचे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या घाटणीच्या हत्यारांना सवलत आहे, पण ती दुरुस्तीनेही चालू शकणार नाहीत अशांनाच. चालणारी बंदूक म्हणजे परवान्याची बंदूक, मग ती कितीही जुनी असो. आणि बार निघेल तो रीतसर परवानगी असलेल्या चांदमारीच्या मैदानावरच.

मेस्त्री : तिन्ही मान्य. गोळ्या खाली लागू लागल्या तर माशी घासून बुटकी करतात, वर लागल्या तर उंच बसवितात. मी दोन्ही करणार नाही. जितके खाली लागेल तितके वर धरीन आणि ते अंतर वहीत लिहीन. मेळ सापडला की माझे काम झाले; नेम त्या वहीत राहील.

दप्तरदार : मग आरंभ माझ्या टेबलावर करा. भिंतीची जाडी दर दोन इंचांवर, चारी अंगांनी मोजून तक्ता आणा. त्यावर आपली दोघांची सही होऊ द्या, आणि त्यानंतरच परवान्याच्या अर्जाची भाषा पाहू.

मेस्त्री : तक्त्याला दोन रकाने लागतील, उजवीचा आणि डावीचा.

दप्तरदार : तीन आखा. पट्टीचा डाग कोठे सुटला असेल, तर ती जागाही इंचांसह त्यात आली पाहिजे.